लेफ्टनंट जनरलांची १५ पदकं, पण फोटोत १६ रिबनी: क्रम कसा लावायचा, फलकावर काय लिहायचं?

वाचनालय_प्रदर्शन

एका दिवंगत लेफ्टनंट जनरलांची पदकं त्यांच्या कुटुंबाने वाचनालयाच्या प्रदर्शनासाठी दोन महिन्यांकरता दिली आहेत. एका चौकटीत १५ पदकं आहेत. मांडणीला काही क्रम दिसत नाही. प्रत्येकाखाली हाताने लिहिलेली चिठ्ठी आहे, ती अशी:

परम विशिष्ट सेवा, विशिष्ट सेवा, विशेष सेवा, अतिविशिष्ट सेवा, सेना पदक, सैन्य सेवा, सियाचिन, ऑपरेशन पराक्रम, ऑपरेशन विजय, हाय अल्टिट्यूड, विदेश सेवा, स्वातंत्र्याची ५० वर्षं, आणि ९, २०, ३० वर्षं सेवा.

सोबत गणवेशातला एक फोटो आहे. त्यात छातीवर चार-चार रिबनींच्या (पदकाऐवजी लावायच्या रंगीत कापडी पट्ट्यांच्या) चार ओळी, म्हणजे १६ रिबनी दिसतात. सगळ्यात वरच्या ओळीत सोनेरी रंगावर एक निळी रेघ, सोनेरीवर दोन निळ्या रेघा, लाल रंगात मधोमध पांढरी पट्टी, आणि सोनेरीवर तीन निळ्या रेघा. सगळ्यात शेवटची रिबन फिकट निळी आहे.

विचारायचं ते असं:
१) पदकांचा बरोबर क्रम कोणता?
२) सोळावं पदक कोणतं असावं?
३) फलकाचं शीर्षक "१५ शौर्यपदकांचे मानकरी" असं ठरलं आहे. ते चालेल का?
४) दोन-तीन पदकं काळवंडली आहेत. उद्घाटनाआधी पॉलिश करावी का?

---

रिबनपट्टी

आधी तिसऱ्याचं उत्तर, कारण ते सर्वांत तातडीचं. ते शीर्षक छापायला देऊ नका. तुमच्या यादीत शौर्यपदक असलंच तर फक्त एक आहे, आणि तेही अजून सिद्ध व्हायचं आहे.

जनरलांच्या छातीवर तीन वेगळ्या जातीची पदकं शेजारी-शेजारी बसलेली असतात. पहिली जात शौर्याची: परमवीर, महावीर, वीर चक्र, अशोक, कीर्ती, शौर्य चक्र, आणि शौर्यासाठी मिळालेलं सेना पदक. दुसरी जात विशिष्ट सेवेची: परम विशिष्ट, अतिविशिष्ट, विशिष्ट सेवा पदक, आणि युद्धकाळातल्या कामगिरीसाठीची सर्वोत्तम युद्ध सेवा, उत्तम युद्ध सेवा, युद्ध सेवा पदकं. ही नेतृत्वाची, नियोजनाची, वर्षानुवर्षं केलेल्या कामाची पावती असते. तिसरी जात हजेरीची. अमुक काळात, अमुक ठिकाणी, अमुक दिवस तुम्ही नेमणुकीवर होतात म्हणून ती मिळते आणि त्या निकषात बसणाऱ्या जवानापासून जनरलपर्यंत सगळ्यांना तेच पदक मिळतं. हजेरी म्हटलं म्हणून ती हलकी होत नाही. सियाचिनचं पदक कुठल्या थंडीत कमावलेलं असतं ते सांगायला नको. पण ते शौर्यपदक नव्हे, आणि ते कमावणाऱ्या माणसानेही तसं कधी म्हटलं नसतं.

तुमच्या १५ पैकी विशिष्ट सेवेची ३, सेना पदक १, आणि बाकीची ११ तिसऱ्या जातीची.

आता क्रम. फोटो बघताना आपल्या डावीकडून सुरुवात करायची, म्हणजे ज्यांनी घातलंय त्यांच्या छातीच्या मध्याकडून. सर्वोच्च पदक सर्वांत वरच्या ओळीत, मध्याच्या बाजूला.

पहिली ओळ: परम विशिष्ट सेवा, अतिविशिष्ट सेवा, सेना पदक, विशिष्ट सेवा.
दुसरी ओळ: स्पेशल सर्व्हिस मेडल (तुमच्या चिठ्ठीवरचं "विशेष सेवा"), सियाचिन ग्लेशियर मेडल, ऑपरेशन विजय मेडल, ऑपरेशन पराक्रम मेडल.
तिसरी ओळ: सैन्य सेवा मेडल, हाय अल्टिट्यूड मेडल, विदेश सेवा मेडल, स्वातंत्र्याच्या ५० व्या वर्धापनदिनाचं मेडल.
चौथी ओळ: ३० वर्षं, २० वर्षं, ९ वर्षं, आणि ती फिकट निळी.

तुम्ही वर्णन केलेली पहिली ओळ याच्याशी तंतोतंत जुळते. सोनेरी रिबनवर एक निळी रेघ म्हणजे परम विशिष्ट, दोन म्हणजे अतिविशिष्ट, तीन म्हणजे विशिष्ट. रेघा जितक्या कमी तितकं पदक मोठं, हे डोक्यात ठेवलं की चूक होत नाही. अशोक चक्राच्या मालिकेतही तसंच आहे: हिरव्या रिबनवर एक केशरी रेघ अशोक चक्राची, दोन कीर्ती चक्राच्या, तीन शौर्य चक्राच्या. लाल रिबनवर मधोमध पांढरी पट्टी म्हणजे सेना पदक.

सोळावं पदक संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं आहे. फिकट निळा हा त्यांचा रंग, आणि परकीय किंवा आंतरराष्ट्रीय पदकं भारतीय पदकांच्या नंतर लावतात, म्हणून ते शेवटी. निळ्याच्या जोडीला बाकी कोणते रंग कोणत्या क्रमाने आहेत त्यावरून मोहीम ओळखता येते, कारण प्रत्येक मोहिमेची रिबन वेगळी असते. पदक मात्र बहुतेक मोहिमांचं एकाच साच्याचं: ब्राँझ, पुढे संयुक्त राष्ट्रांचं चिन्ह, मागे "इन द सर्व्हिस ऑफ पीस" ही इंग्रजी अक्षरं. हे भारत सरकारकडून आलेलं नसतं, त्यामुळे घरी बाकीच्या पदकांपासून वेगळ्या डबीत राहून जाण्याची शक्यता जास्त. कुटुंबाला तिथे शोधायला सांगा.

---

जुनी_राजपत्रं

वरचा क्रम बरोबर आहे. मी नावांच्या घोळाबद्दल लिहितो, कारण मराठी फलकांवरच्या बहुतेक चुका तिथेच होतात. चिठ्ठ्या जशाच्या तशा उतरवून घेऊ नका.

"सेना पदक" आणि "सैन्य सेवा मेडल" ही दोन वेगळी पदकं. पहिलं १९६० साली सुरू झालेलं, निवडक व्यक्तींना मिळणारं. दुसरं खडतर हवामानाच्या प्रदेशातल्या नेमणुकीचं. त्याच्या रिबनवर धातूची आडवी पट्टी म्हणजे क्लॅस्प असतो आणि त्यावर प्रदेशाचं नाव असतं: जम्मू-काश्मीर, हिमालय वगैरे. एकापेक्षा जास्त प्रदेशांत सेवा झाली तर पदक एकच राहतं, पट्ट्या वाढतात. नुसत्या रिबनीच्या ओळीत या पट्ट्या दिसत नाहीत, म्हणून ही माहिती फोटोवरून मिळणार नाही, प्रत्यक्ष पदक बघायला हवं.

"विशिष्ट सेवा" आणि "विशेष सेवा". एक अक्षर इकडेतिकडे झालं की पदकाची जातच बदलते. विशिष्ट सेवा पदक निवडीने मिळतं. "विशेष सेवा" म्हणजे १९८६ साली सुरू झालेलं स्पेशल सर्व्हिस मेडल, ते ठरावीक मोहिमांमधल्या सहभागाचं. फलकावर दुसऱ्याचं नाव देवनागरीत "स्पेशल सर्व्हिस मेडल" असंच लिहा, भाषांतर नको.

"पराक्रम". युद्धात शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्यांना मिळणारं वाउंड मेडल हिंदीत पराक्रम पदक म्हणून ओळखलं जातं. ऑपरेशन पराक्रम मेडल डिसेंबर २००१ ते ऑक्टोबर २००२ या काळात सीमेवर जी सैन्याची जमवाजमव झाली तिचं. "ऑपरेशन" हा शब्द फलकावरून गळला तर तुम्ही नकळत लिहिलेलं असेल की जनरलसाहेब जखमी झाले होते.

"ऑपरेशन विजय". इथे तिहेरी गोंधळ आहे. १९९९ च्या कारगिल संघर्षाची दोन पदकं: प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रातल्यांना ऑपरेशन विजय स्टार, आणि त्या मोहिमेसाठी व्यापक क्षेत्रात तैनात असलेल्यांना ऑपरेशन विजय मेडल. स्टार हा नावाप्रमाणे ताऱ्याच्या आकाराचा, मेडल गोल. शिवाय १९६१ ची गोवा मुक्तीची मोहीमही ऑपरेशन विजयच होती, पण तिच्यासाठी जनरल सर्व्हिस मेडल १९४७ वर "गोवा १९६१" ही पट्टी मिळायची. तुमचं पदक गोल असेल तर "कारगिलच्या लढाईत लढले" असं लिहिता येणार नाही. "ऑपरेशन विजयच्या काळात तैनात" एवढंच लिहा.

जुन्या पिढीतल्या अधिकाऱ्यांबाबत आणखी एक. १९६७ च्या जानेवारीत नावं बदलली. त्याआधी अशोक चक्र वर्ग १, २, ३ असे होते, त्यांचे अशोक, कीर्ती, शौर्य चक्र झाले. विशिष्ट सेवा पदकाचेही वर्ग १, २, ३ होते, त्यांची परम विशिष्ट, अतिविशिष्ट, विशिष्ट अशी नावं झाली. म्हणून लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरातांना कोरियातल्या कामगिरीसाठी मिळालेलं अशोक चक्र वर्ग २ म्हणजे आजचं कीर्ती चक्र. जुन्या कागदातला "वर्ग २" वगळून नुसतं "अशोक चक्र" लिहिणं ही फार मोठी चूक ठरते. तुमच्या संचाला हे लागू नाही, पण असं प्रदर्शन पुढे वाढतंच, म्हणून नोंदवून ठेवा.

---

वाचनालय_प्रदर्शन

शीर्षक थांबवलं आहे. ऑपरेशन विजयचं पदक गोलच आहे. सेना पदकाच्या प्रमाणपत्रावर २६ जानेवारीची तारीख आहे, कारण लिहिलेलं नाही. ते शौर्याचं की सेवेचं, हे पदकावरून कळेल का? आणि एका सदस्याचा आक्षेप असा की शौर्याचं असेल तर ते परम विशिष्ट सेवा पदकाच्या वर असायला हवं. सेवा ही शौर्याच्या वर कशी, असं त्यांचं म्हणणं.

---

रिबनपट्टी

पदकावरून कळणार नाही. चांदीचं गोल पदक, पुढे वर टोक केलेली संगीन, मागे उभा सैनिक, आणि रिबन दोन्हींची एकच. नावापुढची अक्षरंही एकच: एसएम. तारखेनेही तुमच्या बाबतीत निकाल लागत नाही. १५ ऑगस्टची तारीख असती तर शौर्याची शक्यता जास्त धरली असती, कारण विशिष्ट सेवेची पदकं सहसा प्रजासत्ताकदिनाच्या यादीत येतात. २६ जानेवारीला दोन्ही प्रकार जाहीर होतात. संरक्षण मंत्रालयाकडून अलीकडच्या वर्षांत निघणाऱ्या याद्यांमध्ये शौर्याचं सेना पदक आणि विशिष्ट सेवेचं सेना पदक अशी वेगळी शीर्षकं असतात. त्या वर्षाची यादी मिळवा. नाहीच मिळाली तर फलकावर फक्त "सेना पदक" लिहा. अंदाजाने कंसात "शौर्य" टाकू नका.

आक्षेपाचं उत्तर: असा क्रम लावणं नियमाने चुकीचं ठरेल. पदकं लावण्याचा अधिकृत अनुक्रम शौर्य एकीकडे आणि सेवा दुसरीकडे असा नाहीच, दोन्ही एकमेकांत गुंफलेली आहेत. नागरी पुरस्कारही त्यातच येतात. वरून उतरत यायचं तर: भारतरत्न, परमवीर चक्र, अशोक चक्र, पद्मविभूषण, पद्मभूषण, सर्वोत्तम युद्ध सेवा, परम विशिष्ट सेवा, महावीर चक्र, कीर्ती चक्र, पद्मश्री, मग उत्तम युद्ध सेवा, अतिविशिष्ट सेवा, वीर चक्र, शौर्य चक्र, युद्ध सेवा, मग सेना पदक आणि त्यानंतर विशिष्ट सेवा. (मधली काही नागरी आणि पोलीस पदकं गाळली आहेत.) म्हणजे परमवीर आणि अशोक चक्राच्या वर कुठलंही सेवा पदक जात नाही, पण परम विशिष्ट सेवा हे महावीर चक्राच्याही आधी लागतं.

याचं सर्वांत ठळक उदाहरण जनरल अरुणकुमार वैद्य. १९६५ च्या युद्धात डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचं नेतृत्व करताना महावीर चक्र, आणि १९७१ मध्ये १६ स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचं नेतृत्व करताना पुन्हा महावीर चक्र. दुसऱ्यांदा तेच पदक मिळालं की नवं चक्र देत नाहीत, बार देतात, म्हणजे त्याच पदकाच्या रिबनीवर लावायची धातूची पट्टी. त्यांच्या नावापुढे क्रम असा येतो: पीव्हीएसएम, एमव्हीसी आणि बार, एव्हीएसएम. दोन महावीर चक्रांच्या आधी परम विशिष्ट, आणि मागे अतिविशिष्ट. यातून कुणी "सेवा शौर्याहून मोठी" असा अर्थ काढत असेल तर तो चुकीचा. तो कपड्यावर लावायचा क्रम आहे, तुलनेचा तराजू नाही. महावीर चक्राबद्दल सैन्यात जो आदर आहे तो रिबन कितव्या जागी आहे यावर कधीच अवलंबून नव्हता.

दुसरं उदाहरण फील्ड मार्शल माणेकशॉंचं. १९४२ साली ब्रह्मदेशात सितांगच्या लढाईत गंभीर जखमी झाले तेव्हाचा मिलिटरी क्रॉस त्यांच्या रिबनींत खाली आहे, दीर्घ सेवेच्या पदकांच्याही नंतर. कारण तो ब्रिटिश पुरस्कार, आणि तसे पुरस्कार भारतीय पदकांच्या मागे लागतात. वर आहेत पद्मविभूषण आणि पद्मभूषण.

---

जुनी_राजपत्रं

नाव लिहिण्याबद्दल थोडं, कारण फलकावर सर्वांत मोठी अक्षरं नावाचीच असणार.

नावापुढे फक्त निवडीने मिळालेल्या पदकांची अक्षरं येतात, रिबनीच्याच क्रमाने. तुमच्या बाबतीत: लेफ्टनंट जनरल (नाव), पीव्हीएसएम, एव्हीएसएम, एसएम, व्हीएसएम. सियाचिन, पराक्रम, ३० वर्षं यांची अक्षरं नावाला लागत नाहीत.

कागदपत्रांत एखाद्या अक्षरापुढे * दिसलं तर ती तळटीप समजून पुसू नका. एक तारका म्हणजे एक बार. व्हीएसएमपुढे दोन तारका म्हणजे तेच पदक तीनदा. रिबनीवर बारसाठी छोटं चिन्ह लावतात. फोटो मोठा करून प्रत्येक रिबनीच्या मध्यावर असं काही आहे का ते बघा. परमवीर चक्राच्या बारसाठी तर इंद्राच्या वज्राची लहान प्रतिकृती लावायची अशी मूळ नियमातच तरतूद आहे.

अक्षरांच्या शेवटी "एडीसी" असेल तर ते पदक शोधत बसू नका. ती राष्ट्रपतींचे मानद एडीसी (परिसहायक) ही नेमणूक आहे, सेनाप्रमुख आणि आर्मी कमांडर यांच्या नावापुढे दिसते.

आणि पद्म पुरस्कार असेल तर तो नावाच्या आधी किंवा नंतर जोडायचा नाही. भारतरत्न आणि पद्म या पदव्या नाहीत, त्या नावाला जोडता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केलं आहे. मजकुरात "यांना पद्मभूषण प्रदान करण्यात आलं" असं वाक्य लिहायला काहीच हरकत नाही. लष्करी अक्षरांची गोष्ट वेगळी, ती लावायची प्रथाच आहे.

सेनाप्रमुखाच्या प्रशंसापत्राचा (कमेंडेशन कार्ड) उल्लेख कागदांत सापडला तर तो मजकुरात घ्या, पदकांच्या संख्येत धरू नका. त्याला पदक नसतं.

परम विशिष्ट किंवा अतिविशिष्ट "कशासाठी" मिळालं हे लिहायचा मोह आवरा. चक्रांच्या बाबतीत शौर्यवर्णन राजपत्रात छापलं जातं. सेवा पदकांच्या बाबतीत फक्त नावं येतात. त्या काळात ते कोणत्या पदावर होते एवढं लिहिणं सुरक्षित.

---

काच_चौकट

चौथ्या प्रश्नावर कुणी बोललं नाही म्हणून सविस्तर लिहितो. पॉलिश करू नका. अजिबात नाही.

परम विशिष्ट सेवा पदकावर सोन्याचा मुलामा असतो. पितळ चमकवायच्या पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात. उठावाच्या टोकांवरचा मुलामा दोन-चार वेळा घासला की जातो आणि परत येत नाही. अतिविशिष्ट आणि सेना पदक चांदीची, काळवंडलेली बहुधा तीच असतील. चांदीचा काळा थर गंधकामुळे येतो. पॉलिश लावलं की काळ्या थराबरोबर चांदीही निघते आणि कडेवर कोरलेलं नाव बोथट होतं. पदक बुडवून काढायचं डिप प्रकारचं द्रावण तर आणखी वाईट, ते रिबनीच्या कडीत शिरून राहतं आणि नंतर हिरवट डाग येतात. सोनेरी कडा आणि काळपट खोलगट भाग असं पदक जुनं दिसतं, आणि ते जुनंच आहे.

करायचं ते एवढंच: नायट्राइलचे हातमोजे घाला, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, रिबन स्वतंत्र ब्रशने. धातूवर हिरवी पूड दिसली तर खरवडू नका, ते पदक वेगळं ठेवा आणि वस्तुसंग्रहालयातल्या जतनतज्ज्ञाला दाखवा.

हात लावण्याआधी प्रत्येक पदकाचे तीन फोटो काढा: पुढून, मागून, आणि कडेचा, शेजारी मोजपट्टी ठेवून. कडेचा फोटो सर्वांत महत्त्वाचा. भारतीय सेवापदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. अधिकाऱ्याचा क्रमांक बहुधा आयसी या अक्षरांनी सुरू होतो. सगळ्या १५ पदकांवर एकच क्रमांक असायला हवा, हुद्दा मात्र वेगवेगळा असू शकतो, कारण पदकं वेगवेगळ्या वयात मिळालेली असतात. कड कोरी असेल तर ती बाजारातली प्रतिकृती असण्याची शक्यता मोठी. त्यात लपवण्यासारखं काही नाही. मूळ पदकं उशिरा मिळतात म्हणून अनेकजण गणवेशासाठी प्रतिकृती विकत घेऊन लावतात. फलकावर "प्रतिकृती" एवढा शब्द लिहा. संयुक्त राष्ट्रांच्या पदकावर सहसा नाव नसतं, त्यामुळे ते सापडलं तर प्रमाणपत्रासकटच घ्या.

आता चौकट. काळवंडण्याचं कारण बहुतेक वेळा चौकटच असते. एमडीएफ आणि प्लायवूडमधून आम्लाच्या वाफा निघतात, लोकरीच्या फेल्टमधून आणि रबरातून गंधक. लाल मखमल दिसायला छान, पण तिच्या रंगाची आणि चिकटवणीची खात्री नसते. पाठीला आम्लमुक्त माउंटबोर्ड घ्या, त्यावर बिनरंगाचं, खळ न घातलेलं, धुतलेलं सुती कापड ताणून शिवा. पदक चिकटवायचं नाही, ना गोंदाने ना दुहेरी टेपने. रिबनीला सुईने भोक पाडायचं नाही. रिबनीच्या वरच्या घडीभोवती पॉलिस्टर दोऱ्याचा फास घेऊन तो बोर्डाच्या मागे गाठवा. मोठं पदक जड असतं, त्याच्या खालच्या कडेला पातळ पॉलिस्टर फिल्मचा आधार द्या, नाहीतर दोन महिन्यांत रिबन ओढली जाते. डांबराच्या गोळ्या नकोत. सिलिका जेलची पुडी मागच्या खणात ठेवा, पदकांना टेकू देऊ नका.

उजेड ५० लक्सच्या आसपास. रिबनी फार लवकर विटतात, त्यातही लाल आणि निळा. खिडकीसमोरची भिंत टाळा, फ्लॅश वापरू देऊ नका.

मांडणीच्या दोन पद्धती आहेत. सुटी-सुटी मांडणार असाल तर चार ओळी करा, रिबनीच्या फोटोप्रमाणेच, म्हणजे बघणाऱ्याला खालचा फोटो आणि वरची पदकं जुळवता येतील. छातीवर लावतात तशी एका दांडीवर मांडायची असतील तर हिशेब करा. रिबन ३२ मिमी रुंद. १६ पदकं शेजारी-शेजारी ठेवली तर ५१२ मिमी होतात, तेवढी छाती कुणाची नसते. म्हणून ती एकमेकांवर सरकवतात. एकूण रुंदी १७० मिमी धरली तर पहिलं पूर्ण ३२ मिमी दिसतं, आणि उरलेल्या १३८ मिमीत १५ बसवायची, म्हणजे प्रत्येकी ९ मिमीच्या थोडं वर. सर्वोच्च पदक पूर्ण उघडं, पुढचं प्रत्येक त्याच्या मागे सरकत जाणारं. खालच्या कडा एका रेषेत आल्या पाहिजेत. पदकांच्या वरच्या कड्या वेगवेगळ्या उंचीच्या असतात, त्यामुळे रिबनी सारख्या लांबीच्या कापल्या तर खालची रेषा हमखास वाकडी येते. लांबी खालून मोजायची.

माझं मत विचाराल तर मूळ पदकांना दांडीवर चढवू नका. एकमेकांवर आपटून चेहऱ्यावर ओरखडे येतात, आणि ९ मिमीत दिसतं काय? रिबनीची दांडी प्रतिकृतीने दाखवा, मूळ पदकं सुटी ठेवा.

---

रिबनपट्टी

फोटो उलटा छापला गेलेला नाही ना, तेही बघा. रिबनी डाव्या खिशाच्या वर, नावाची पट्टी उजव्या खिशावर असते. आरशासारखा उलटा फोटो वापरला गेला तर अख्खा क्रम उलटा वाचला जातो. पट्टीवरची अक्षरं वाचता आली की निश्चिंत.

आणि रिबनीवरून कारकिर्दीचा कालखंडही बांधता येतो, तो कागदपत्रांशी ताडून बघा. ५० व्या वर्धापनदिनाचं मेडल आहे, म्हणजे १५ ऑगस्ट १९९७ ला सेवेत. २५ व्या वर्धापनदिनाचं नाही, म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ नंतर रुजू. ७५ व्याचं नाही, म्हणजे १५ ऑगस्ट २०२२ च्या आधी निवृत्त. ९, २०, ३० अशी तिन्ही आहेत. वरचं मिळालं म्हणून खालचं काढत नाहीत, आणि म्हणूनच विशिष्ट, अतिविशिष्ट, परम विशिष्ट ही तिन्हीही एकाच वेळी छातीवर दिसतात. कागदांतली रुजू होण्याची तारीख या चौकटीत बसत नसेल तर एखादं पदक दुसऱ्या कुणाचं मिसळलं असण्याची शक्यता तपासा. एकाच घरात बाप-लेक दोघेही सैन्यात असले की हे होतं, आणि तिथे कडेवरचा क्रमांक कामाला येतो.

जनरल बिपिन रावत यांच्या नावापुढची अक्षरं याच रीतीने वाचून बघा: पीव्हीएसएम, यूवायएसएम, एव्हीएसएम, वायएसएम, एसएम, व्हीएसएम. विशिष्ट सेवेच्या मालिकेतली तिन्ही, युद्ध सेवेच्या मालिकेतली दोन, मध्ये सेना पदक, आणि सगळी अनुक्रमातल्या आपापल्या जागी. सदस्यांना क्रम समजावून सांगायला याहून सोपं उदाहरण नाही.

---

वाचनालय_प्रदर्शन

सोळावं पदक सापडलं, निळ्या डबीत, प्रमाणपत्रासह. कडेवरचे क्रमांक सगळीकडे एकच आहेत, फक्त २० वर्षांच्या मेडलची कड कोरी आहे, तिथे "प्रतिकृती" लिहितो.

फलकाचा मजकूर असा केला आहे: "लेफ्टनंट जनरल (नाव), पीव्हीएसएम, एव्हीएसएम, एसएम, व्हीएसएम. सेवाकाळातील १६ पदके: विशिष्ट सेवेची ३, सेना पदक, मोहिमा व खडतर क्षेत्रांतील सेवेची ७, स्वातंत्र्याच्या ५० व्या वर्धापनदिनाचे १, दीर्घ सेवेची ३, संयुक्त राष्ट्रांचे १."

शेवटचा प्रश्न. उद्घाटनाला त्यांची मुलगी येणार आहे. तिने वडिलांची पदकं लावली तर चालतील का?

---

जुनी_राजपत्रं

बेरीज जुळते. सेना पदकापुढेही "१" घाला, नाहीतर वाचणारा अडखळतो.

वारसांनी लावायची तर उजव्या छातीवर. डावी बाजू ज्याने कमावली त्याची. स्मारकावरच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात ही प्रथा आहे. तुमच्या कार्यक्रमात आदरांजलीचा भाग असेल तर तेवढ्यापुरती लावावीत, आणि मूळ पदकांऐवजी प्रतिकृतींची दांडी द्या. मूळ पदकं तोवर काचेआड गेलेली असू द्यात, कारण साडीच्या किंवा ओढणीच्या कापडावर १६ पदकांचं वजन एका पिनेवर राहत नाही. आतून जाड कापडाचा तुकडा ठेवून दोन पिना लावा.